आतलं शोधणारा दादा

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काही केलं असेल तर एका आकड्याकडे बघत बसलो. दुपारी तीनपासून पाचपर्यंत. कम्प्युटरच्या पडद्यावर एका चौकटीत आकडा वाढत होता. चारशे बारा. चारशे तीस. मध्येच थांबायचा आणि मग एकदम वीसने उडी मारायचा. दादा माझ्या खुर्चीत, मी पलंगाच्या कडेला. मध्ये स्टुलावर मुरमुऱ्यांची ताटली, त्यावर कच्चं मोहरीचं तेल आणि मिरचीचे तुकडे. दादा एक मूठ तोंडात टाकायचा, गमछ्याला पाचही बोटं एकेक करून पुसायचा, आणि मगच माउसला हात लावायचा. तेलकट बोट त्याने माझ्या मशीनला कधी लावलं नाही.

"आछे, आछे," तो म्हणाला. "जाबे कोथाय?"

म्हणजे आहे, आहे, जाणार कुठे. हे तो रोज म्हणायचा. चष्मा हरवला तरी, बस आली नाही तरी आणि माझ्या बायकोने लिहिलेलं सापडलं नाही तरी हेच.

पाच वाजता उठला. चपला घालताना म्हणाला, "बंद करू नकोस, बोर्गी. सकाळपर्यंत पुरं होईल."

मी म्हटलं, "हे तू आषाढापासून सांगतोयस."

तो हसला आणि जिना उतरून गेला.

आपल्या मराठी मंडळात येणाऱ्या तुम्ही लोकांनी त्याला पाहिलंय. गणपतीत शेवटच्या रांगेत, हॉलच्या एसीला भिऊन माकडटोपी घालून बसलेला बंगाली म्हातारा, तोच हा. आरतीतलं अक्षर कळायचं नाही, पण टाळ्या बरोबर जागेवर वाजवायचा आणि मोदक तीन घ्यायचा. त्याला पहिल्यांदा माझ्या बायकोने आणलं होतं. ती गेल्यावर तो आपणहून आला, माझ्यासोबत म्हणून. तुमच्यातल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, हे तुमचे कोण? मी म्हटलं, खालच्या मजल्यावरचे. त्यापेक्षा जास्त मला सांगता आलं नव्हतं. आता सांगतो.

मी चौथी पास. फोर्ट विल्यममध्ये लष्कराच्या गाड्या चालवल्या. पेन्शनीत आलो तेव्हा गावी कराडकडे जायचं ठरलं होतं. पण एस्प्लनेडच्या एका कंपनीत साहेबाची गाडी चालवायची नोकरी लागली आणि इथे हावड्यातच म्हातारा झालो. दादा आमच्या आधीपासून त्या घरात. मी वर, तो खाली. मला तो बोर्गी म्हणायचा. फार पूर्वी आपले मराठे घोडेस्वार या मुलखात लुटायला यायचे, त्यांना इथले लोक बोर्गी म्हणतात. अजूनही आया पोरांना त्या नावाची भीती घालून झोपवतात. पहिल्या दिवशी मी ट्रंक घेऊन जिना चढत होतो तर हा दारात उभा राहून म्हणाला, "बोर्गी आले. भांडी आत घ्या." मी भांडायलाच निघालो होतो. बायको म्हणाली, "अहो, थट्टा करतायत ते." तिला बंगाली माझ्याआधी कळायला लागलं.

तो तिला बौदी म्हणायचा, म्हणजे वहिनी. ती त्याला पुरणपोळी द्यायची. तो म्हणायचा, "फार गोड." आणि संपवायचा.

नोकरी त्याची एस्प्लनेडच्याच बाजूला, एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये. सगळा जन्म कागदांच्या गठ्ठ्यांत गेला. सांगायचा की साहेब लोक वरून चिठ्ठी पाठवायचे, अमुक माणसाची अमुक फाइल. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत. वाळवी, उंदीर, पावसाळ्यात गळणारं पाणी. तरी तो काढून द्यायचा. "फाइल हरवत नाही," म्हणायचा, "माणूस ती चुकीच्या जागी ठेवतो आणि विसरतो. त्याच्या मनात शिरलं की जागा कळते."

एकच फाइल त्याला सापडली नव्हती. तिथल्या एका शिपायाची. दारू पिऊन साहेबाला काहीतरी बोलला होता, तो कागद त्यात होता. साहेब बदलले, नवीन आले, त्यांनीही मागितली. दादा दर वेळी शिडी लावून वर चढायचा, धुळीने माखून खाली यायचा आणि मान हलवायचा. शिपाई पुऱ्या पेन्शनीवर निवृत्त झाला त्या आठवड्यात फाइल सापडली. मी विचारलं, कुठे होती? म्हणाला, "माझ्या डब्याखाली. रोज तिच्यावर जेवत होतो."

आता आम्ही काय शोधत होतो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला लपवून ठेवता येत नाही.

माझी बायको मॅट्रिक होती. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यांच्या पोरांना ती रविवारी मराठी शिकवायची, हे तुम्हाला माहीत आहे. पन्नाशी उलटल्यावर मंडळातल्या एका मुलीकडून कम्प्युटर शिकली. मंडळाच्या सूचना, हळदीकुंकवाची आमंत्रणं, पोरांचे धडे, सगळं तीच टाइप करायची. ते झालं की अजून तासभर टाइप करत बसायची. मी विचारायचो, आता काय लिहितेस? म्हणायची, "काही नाही हो. मनातलं." मी कधी वाचायला मागितलं नाही. मला वाटायचं, असेल बायकांचं काहीतरी.

ती जायच्या तीन वर्षं आधी, भाद्रपदात, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याच आठवड्यात कराडहून फोन आला की तिची आक्का, म्हणजे थोरली बहीण, आजारी आहे, येऊन जा. आक्काने तिला आईच्या मागे वाढवलेलं. तिने पिशवी भरली.

"अहो, चार दिवस जाऊन येते. दादांची स्वयंपाकाची मासी दोन वेळचं रांधेल. दादा आहेत खाली."

मी म्हटलं, "आणि मला संडासला कोण नेणार? दादा?"

"ते नेतील. मी विचारलंय त्यांना."

"मग जाच. परत येशील तेव्हा मी असलो तर भेटू."

असं बोललो. मरणार वगैरे नव्हतो. गुडघा होता. पिशवी रिकामी करून माळ्यावर टाकली. सहाव्या दिवशी आक्का गेली.

माझ्यासमोर ती रडली नाही. अंघोळ केली, मला चहा दिला, साखर बरोबर होती. दुपारी कम्प्युटरसमोर बसली आणि दोन तास उठली नाही. त्यानंतर तीन वर्षांत त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही, चांगला नाही, वाईट नाही. मागच्या फाल्गुनात ती गेली. आणि मला एवढंच माहीत राहिलं की त्या दुपारी तिने दोन तास काहीतरी लिहिलं आहे आणि ते या मशीनमध्ये आहे.

शिव्या घातल्या असतील तरी चालतील. मला फक्त माफ केलं का नाही ते वाचायचं होतं.

आधी मी एकटाच बसलो. पण ती फायलींना नावं द्यायची नाही. मशीन जे नाव सुचवेल तेच ठेवायची, डॉक्युमेंट एक, डॉक्युमेंट दोन, असं शेकड्यांनी. आणि त्या ठेवायच्या खोल्या, म्हणजे फोल्डर, तेही तसेच. न्यू फोल्डर एकपासून नऊपर्यंत. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू. महिनाभरात चाळीस फायली वाचल्या, त्यातल्या बावीस हळदीकुंकवाच्या. शोधायची जी चौकट असते तिच्यात आक्का लिहिलं तर मशीन म्हणालं, काही नाही.

मग आषाढात दादाला सांगितलं. जगात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. मला वाटलं, हा म्हणेल, जाऊ दे, बौदी तशी नव्हती. सगळे तेच म्हणाले असते. त्याने उठून पंखा कमी केला. मग म्हणाला, "शब्द कोणता?"

"आक्का."

"लिहून दे. तुझ्या अक्षरात."

त्याच्याकडेही कम्प्युटर होता, मुलगी बंगळुरूला असते तिने दिलेला. रोज तिच्याशी बोलायला शिकला आणि नादाला लागला. तरी माझ्याच वयाचा माणूस. पहिले तीन दिवस नुसतं बघत बसला. चौथ्या दिवशी मला समजावलं.

"बोर्गी, तुला वाटतं तू शब्द लिहिला की हे मशीन फायली उघडून बघतं. नाही. ते आमच्या रेकॉर्ड रूमसारखं आहे. आधी कधीतरी निवांत वेळी ते एकेक फाइल उघडून आतले शब्द एका यादीत लिहून ठेवतं. तू विचारलंस की ते फक्त यादी बघतं. यादीत नसेल तर म्हणतं नाही. फाइल तिथेच पडलेली असते, मशीन खोटं बोलत नाही, त्याला माहीतच नसतं."

मग त्याने मला एक जागा दाखवली. तिथे सगळ्या खोल्यांची नावं होती आणि प्रत्येक नावासमोर एक बारीक चौकोन. चौकोनात टिक असेल त्या खोलीतच मशीन यादी करायला जातं. टिक नसेल तर बाहेरून निघून जातं. आमच्या नऊच्या नऊ खोल्यांना टिक नव्हती. त्याने माझ्यादेखत एकेक टिक केली, मला मोजायला लावलं. नऊ. आणखी कुठेतरी जाऊन त्याने मशीनला सांगितलं की फक्त नाव नको, आतलं वाच. त्या दिवशी आम्ही काम फत्ते झालं म्हणून रसगुल्ले खाल्ले. त्याला साखरेची बंदी होती.

दुसऱ्या दिवशी शोधलं. काही नाही.

आठ दिवस त्याने डोकं खाजवलं. मग एक फाइल दुसऱ्या कशात तरी उघडून मला हाक मारली. पडद्यावर मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, टिंबं, आकडे, सगळी खिचडी. हिने जुन्या पद्धतीच्या मराठी अक्षरांत लिहिलेलं होतं. ती अक्षरं नुसता वरचा रंग. आत मशीनला इंग्रजीच दिसायचं. आम्ही नव्या मराठीत आक्का विचारायचो आणि ते बिचारं इंग्रजी खिचडीत शोधायचं.

"म्हणजे इतकी वर्षं तुझी बायको मराठी लिहीत होती आणि याला वाटत होतं, बाई वेडी आहे," दादा म्हणाला.

श्रावणात तो भर पावसात पेन ड्राइव्ह खिशात घालून, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, होडीने नदीपलीकडे गेला. एस्प्लनेडला एक दुकान आहे, तिथे जुनी अक्षरं नवी करून देतात. संध्याकाळी भिजून आला. सगळ्या फायली नव्या मराठीत. आम्ही त्या जुन्यांच्या जागी ठेवल्या. जुन्या पुसून गेल्या.

ठेवून झाल्यावर माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "दादा, फाइलीसमोर तारीख असते ना, कधी लिहिली ती? मला आक्काची तिथी माहीत आहे."

त्याने फायली वरखाली करून पाहिल्या. सगळ्या फायलींवर एकच तारीख होती. त्याच दिवशीची, दुकानाची.

म्हणजे जोपर्यंत तारखा होत्या तोपर्यंत आम्हा दोन गाढवांना तारखेने शोधायचं सुचलं नाही. आणि सुचलं तेव्हा तारखा गेल्या होत्या. दादाने चष्मा काढला. "आख्ख्या नोकरीत मी एका कागदाची तारीख खोडली नाही," म्हणाला. दोन दिवस तो वर आला नाही. तिसऱ्या दिवशी मी खाली जाऊन त्याला शिव्या दिल्या, तेव्हा आला.

पुढे भाद्रपद. यादी पुढे सरकेना. तिथे बसलो की आकडा मुंगीसारखा. दादाने बरंच वाचलं, मुलीला विचारलं, आणि एके दिवशी मला म्हणाला, "आपण इथून उठल्यावर तू काय करतोस?"

"काय करणार. बटण बंद करतो. दिवेलागणीआधी सगळी बटणं बंद करायची, ही करायची तसं. मग देवाजवळ दिवा."

दादाने कपाळावर हात मारला. "अरे बोर्गी, आपण समोर बसलो असलो की हे काम हळू करतं. माणूस वापरतोय म्हणून आवरून घेतं. आपण उठलो की ते वाचायला बसणार, तर उठल्या उठल्या तू त्याचा गळा दाबतोस. दीड महिना."

बायकोने आयुष्यभर लावलेली सवय. तिचंच लिहिलेलं वाचू देत नव्हती.

त्यानंतर मी ते रात्रंदिवस चालू ठेवलं. दिवा लावताना कानाशी त्याची घरघर. आश्विनात पाच खोल्या वाचून झाल्या. दादा म्हणाला, "आधी साध्या शब्दाने बघू चालतं का. बौदी तुला काय म्हणायची?"

"अहो."

"ते नाही. नाव."

"तेच नाव. आमच्यात तेच म्हणतात."

त्याने अहो लिहिलं. मशीनने भराभरा फायली दाखवल्या, संपेचनात. शेवटी तीनशे बेचाळीस. दादा माझ्याकडे वळला. "बघ किती वेळा हाक मारली आहे तुला."

एवढ्या वेळा मी ओ दिलेली नव्हती. मी चहा करायला आत गेलो.

मग आक्का. अकरा फायली निघाल्या. मी एकेक वाचली, दादा बाजूला बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. आक्काला दिवाळीची साडी. आक्काकडून आलेलं मेतकूट. आक्का लहानपणी तिची वेणी घालायची ते, एक पानभर. त्या दुपारचं नाही. "अजून चार खोल्या आहेत," दादा म्हणाला. "आछे, आछे."

दिवाळी झाली आणि मग बिघाडच बिघाड. यादी खराब झाली म्हणाला, पहिल्यापासून करावी लागेल. केली. परत खराब. मग वायर, मग मशीन गरम होतं म्हणून बाजूचं झाकण काढून आतली धूळ त्याने पावडरच्या ब्रशने साफ केली. मला यातलं काही कळत नव्हतं. माउस त्याच्याच हातात असायचा. रोज तीनला यायचा, पाचला जायचा. मी कधी कंटाळलो, म्हटलं की सोड आता, तर तो खूश झाल्यासारखा म्हणायचा, "सोडूया? खरंच?" आणि मी म्हणायचो, नाही. मग तो परत बोटं पुसायचा.

मध्ये त्याने मला एका जुन्या कॅलेंडरच्या मागे सगळं लिहून दिलं. हिंदीत, मोठ्या अक्षरांत. म्हणाला, मी नसलो तर. आक्का लिहायला कीबोर्डचे पाच खटके, कोणते ते. आणि खाली, सापडलं नाही तर काय काय बघायचं. पहिलंच, टिका मोजणे.

तर त्या दिवशी पाचला तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खालची मासी, जी त्याचं रांधायची, ती वर आली. दादू, म्हणजे आजोबा, दार उघडत नाहीत म्हणाली. गल्लीतल्या माणसांनी कडी तोडली. तो पलंगावर कुशीवर झोपलेला होता, माकडटोपीसकट. डॉक्टर आला, म्हणाला झोपेतच गेले. मुलीला फोन केला, तिला दुपारचं विमान होतं. गल्लीच्या क्लबातली पोरं बर्फाची पेटी आणायला गेली. इथे अशा वेळी कोणाला काही सांगावं लागत नाही, सगळे आपोआप धावतात. मी मध्ये उभा होतो, प्रत्येकाला माझ्या बाजूने वळून जावं लागत होतं. कोणीतरी म्हणालं, काकाबाबू, तुम्ही बसा. मी वर आलो.

मशीन चालू होतं. चौकटीत लिहिलं होतं की यादी पुरी झाली. त्याने बरोबर सांगितलं होतं, सकाळपर्यंत.

मी खुर्चीत बसलो. गादीत त्याच्या बसण्याचा खळगा होता. कॅलेंडर समोर धरलं आणि पाच खटके मारले. मला सहा मिनिटं लागली असतील.

अकरा फायली. तीच साडी, तेच मेतकूट, तीच वेणी.

कॅलेंडरवर लिहिलेलं तसं मी पुढचं केलं. टिका मोजल्या. एक, दोन, तीन. आठ भरल्या. परत मोजल्या, बोट लावून. सात नंबरच्या खोलीला टिक नव्हती.

आषाढात नऊ होत्या, मी स्वतः मोजलेल्या. या मशीनला माझ्याशिवाय एकाच माणसाचा हात लागत होता.

मग मला कार्तिकातला एक दिवस आठवला. मी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो. किल्ली दादाकडे ठेवली होती, म्हटलं तू बसून राहा, यादी बघ. दुपारी परत आलो तेव्हा तो गॅलरीत उभा होता, मशीनकडे पाठ करून. मी विचारलं, झालं का? म्हणाला, "नेई." नाही. "यादी बिघडली आहे, बोर्गी." आणि मग, जे त्याने कधी केलं नव्हतं, स्वतः आत जाऊन माझ्यासाठी चहा करून आणला. बँकेत रांग किती होती, ऊन किती होतं, गुडघा कसा आहे, सगळं विचारलं. गुडघ्याचं दोनदा विचारलं.

मराठी त्याला कळत नव्हतं, असं तो म्हणायचा. पण अक्षरं वाचता यायची, हिंदीमुळे. आणि माफ हा शब्द हिंदीत आहे, नाही हा शब्द सगळ्यांनाच कळतो.

चांगलं लिहिलं असतं तर त्याने जिन्यातच मला गाठलं असतं. एवढं कळायला चौथी पास पुरते.

सात नंबरची खोली मी उघडली. आत एकोणतीस फायली होत्या, मशीननेच खाली आकडा लिहिला होता. एकोणतीस वाचायला मला दोन दिवस लागले असते. शोधायची गरज नव्हती, यादीची नव्हती, दादाची नव्हती. डॉक्युमेंट अमुक, डॉक्युमेंट तमुक, एकाखाली एक. पहिल्यावर मी बाण नेला. खाली कोणीतरी बर्फ फोडत होतं, त्याचा आवाज येत होता.

मला राग आला होता, ते पण लिहितो. माझी बायको, माझं पाप, माझी शिक्षा. तू कोण मध्ये उभा राहणारा? दोन महिने रोज तीनला येऊन खोटं बोललास. तेल लावलेले मुरमुरे खात खोटं बोललास. खाली जाऊन त्याला हलवून विचारावं असं वाटलं, काय लिहिलं होतं रे, सगळं सांग. ते विचारायला दोघंही नव्हती.

मग असाच बसलो. तो रोज दुपारी काय विचार करून जिना चढत असेल ते डोक्यात यायला लागलं. तिने माझ्याबद्दल लिहिलेलं जे काय होतं, ते वाचून, पोटात ठेवून, हा माणूस माझ्यासमोर बसत होता. माझ्यासारख्याच्या हातचा चहा पीत होता. त्याला मी कोण आहे ते कळलं होतं आणि तरी तो दुसऱ्या दिवशी तीनला आला.

खोली बंद केली. टिक केली नाही. मशीन बंद केलं, भिंतीवरचं बटणही.

खाली गेलो तेव्हा मासी आलता आणि जाड कागद घेऊन बसली होती. इथे रीत आहे, माणूस गेला की त्याच्या तळपायांना लाल आलता लावून कागदावर ठसे घेतात आणि घरात जपतात. मुलीने फोनवर सांगितलं होतं, मी यायच्या आत, पेटीत ठेवायच्या आत घ्या. मासीला आलता आणि कागद दोन्ही एकदम सांभाळेना. मी म्हटलं, कागद मी धरतो. गुडघा वाकत नाही म्हणून मला एक मोडा, म्हणजे वेताचं बसकं स्टूल, दिला.

मी दादाच्या डोक्याकडे सरकलो आधी. टोपी कोणीतरी काढली होती, केस चपटे झाले होते. इतकी वर्षं इथे राहून मला बंगाली नीट बोलता आलं नाही, तो नेहमी हसायचा. तरी त्याच्या कानाशी वाकून त्याच्याच भाषेत सांगितलं, "पाइ नि, दादा." सापडलं नाही.

मग पायांकडे बसलो. मासीने आलता लावला, मी कागद टाचेपासून वर बोटांपर्यंत दाबून धरला. पहिला ठसा मुलीसाठी. दुसरा मी मागितला, कोणी का म्हणून विचारलं नाही. आलता ओला होता. पंखा लावला तर ओघळेल म्हणून मासीने पंखा बंद केला, आणि तो वाळेपर्यंत मी कागद दोन्ही हातांत आडवा धरून तिथेच बसलो.